गाळलेलं तेल

आमच्या घरात तळणीचं तेल टाकून द्यायची पद्धत नव्हती. माझ्या आईकडेही नव्हती, सासूबाईंकडे तर नव्हतीच. तळण झालं की तेल निवू द्यायचं, गाळायचं, झाकणाच्या स्टीलच्या पातेल्यात ओतून ठेवायचं आणि पुढचे चार-सहा दिवस फोडणीला वापरायचं. हे मला कुणी शिकवलं ते सांगता येणार नाही. वेणी घालायला जशी मी शिकले तशीच हेही शिकले असणार. पुण्याहून हूफडॉर्प या डच गावी आलो तेव्हा वजनाचा हिशेब करकरून भरलेल्या सुटकेसमध्ये कढई, झारा आणि ते पातेलं होतंच.

हे सगळं सांगतेय ते नानामीमुळे. ती पाच वर्षांची होती, आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायची आणि माझ्या भार्गवीच्या वर्गात होती. तिला शेंगदाणा चालत नसे. चालत नसे म्हणजे आवडत नसे असं नाही. दाण्याचा कण जरी पोटात गेला तरी ती वाचेल की नाही याची खात्री नव्हती. आणि मला हे माहीत होतं. कुणी मला सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

पण सुरुवात श्रीकांतच्या प्रेमापासून करायला हवी. माझ्यावरच्या नव्हे, त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. काकिआगेवरच्या.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कंपनीने श्रीकांतला दीड वर्ष जपानला, कावासाकीला पाठवलं होतं. आमचे हे शाकाहारी, अंडंसुद्धा केकमधलंच काय ते चालणारे. पहिले दोन महिने केळी आणि पाव खाऊन काढले. मग स्टेशनाजवळ एका टपरीवजा दुकानात एक म्हातारी बाई भाज्या तळताना दिसली. उभा चिरलेला कांदा, गाजर, मक्याचे दाणे, त्याला बर्फगार पाण्यात कालवलेलं पातळ पीठ लावून ती कढईत अलगद सोडायची. ही काकिआगे. याने खुणा करून मासे नको, कोळंबी नको असं सांगितलं. तिने मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून याच्यासाठी एक निराळी तळून बाजूला ठेवायला लागली. हा रोज संध्याकाळी उभ्याउभ्या ती मिठाला लावून खायचा. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. निघायच्या दिवशी म्हातारीने पैसे घेतले नाहीत, हे श्रीकांत अजूनही प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

मी एकदाच म्हणाले होते की शेवटी ही कांदाभजीच ना. दोन दिवस बोलला नाही. "भज्यात पीठ कांद्याच्या उरावर बसतं," तो तिसऱ्या दिवशी म्हणाला, "यात ते नुसतं हात धरून उभं असतं." सासरेबुवा गेले तेव्हाही तो इतकं नेमकं बोलला नव्हता.

हौसेला मोल नसतं म्हणतात. हूफडॉर्पला आल्यावर दर रविवारी आमच्या स्वयंपाकघरात काकिआगेचा प्रयोग असे. पीठ फ्रीजरमध्ये, पाण्यात बर्फ, तेलात थर्मामीटर. मी आणि भार्गवी प्रेक्षक. पण खरी दाद द्यायला जपानी माणूस हवा होता, आणि २००६ च्या उन्हाळ्यात तो दोन घरं सोडून राहायला आला. काओरी, तिचा नवरा आणि नानामी. नवरा आठवड्यातले चार दिवस जर्मनीत असायचा. श्रीकांतने पहिल्याच आठवड्यात स्टीलच्या डब्यातून काकिआगे पाठवल्या. नानामीसाठी नाही, तुमच्यासाठी, असं मी मुद्दाम सांगितलं, कारण मुलीच्या ॲलर्जीबद्दल शाळेत युफने, म्हणजे वर्गाच्या बाईंनी, सगळ्या पालकांना चिठ्ठी दिली होती. वर्गात पिंडाकास लावलेला पाव आणायचा नाही. डच मुलांना तो पीनट बटरचा पाव जीव की प्राण, त्यामुळे दोन-तीन आया कुरकुरल्याही होत्या.

डबा दुसऱ्या दिवशी परत आला तो संत्र्यांनी भरून. भरून आलेला डबा रिकामा परत पाठवायचा नाही, हे त्यांच्यातही आहे हे बघून मला काओरी एकदम आपली वाटली.

नोव्हेंबरात, नवरा जर्मनीत होता तेव्हा, श्रीकांतने तिला मुलीसकट रविवारी जेवायला बोलावलं. त्याला ती समोर बसून, गरम-गरम, कढईतून निघालेली खाताना बघायची होती. ती आदल्या शुक्रवारी दारात आली. हातात कागद. त्यावर इंग्रजीत आणि चित्रांनी लिहिलं होतं की नानामीला काय चालत नाही. शेंगदाणा, शेंगदाण्याचं तेल, शेंगदाणा लागलेलं भांडं. तिने तीन वेळा माफी मागितली. मी म्हणाले, अजिबात काळजी करू नका.

तिने दार ओढून घेतलं आणि मी एकेक फडताळ उघडायला लागले. कारण माझ्या घरात दाणे नव्हते कुठे? कूट भाजीत, कूट कोशिंबिरीत, दाण्याची चटणी, चिक्की, आणि आदल्याच दिवशी संकष्टी झालेली. इथे ढगांपुढे चंद्र काही दिसत नाही, इंटरनेटवर वेळ बघून आम्ही उपास सोडतो. पण साबुदाणा वडे मात्र साग्रसंगीत. मूठभर कूट घातल्याशिवाय माझा वडा जमत नाही.

शनिवार मी घर उपसण्यात घालवला. कुटाचा डबा, दाण्यांची पिशवी, चटणीची बरणी, सगळं पिशव्यांत बांधून मागच्या अंगणातल्या लाकडी खोलीत, सायकलींच्या शेजारी नेऊन ठेवलं. फडताळं साबणाने पुसली. कढई तीनदा घासली. मिक्सरचं भांडं उकळत्या पाण्यात टाकलं. सुपरमार्केटमधून सूर्यफुलाच्या तेलाच्या दोन नव्या बाटल्या आणल्या. एक ओट्यावर ठेवली, दुसरी सायकलच्या पिशवीतच त्या खोलीत राहिली. एवढं करून मला स्वतःचं कौतुक वाटलं. श्रीकांतलाही वाटलं. तो म्हणाला, "मंजू, ऑपरेशन थिएटर केलंस तू."

गॅसच्या मागे मसाल्याच्या डब्याच्या आडोशाला ते झाकणाचं पातेलं होतं. मी त्याच्याखालचा ओटा पुसला. ते उचललं, पुसलं आणि परत तिथेच ठेवलं. ते दाण्यांच्या वस्तूंमध्ये मोडतं असं माझ्या मनातही आलं नाही. तेल म्हणजे तेल.

रविवारी सकाळपासून पाऊस होता. साडेबाराला काओरी आणि नानामी आल्या. काओरीच्या खांद्यावर कापडी पिशवी होती. तिने संकोचून सांगितलं की नानामीचा डबा घरून आणलाय, तिला तोच देईन, मी मात्र तुमचं सगळं खाईन. मला ते ऐकून हायसं वाटलं. श्रीकांतला लागलं. आपल्याकडे जेवायला आलेलं पोर स्वतःचा डबा खाणार म्हणजे यजमानाचं नाक कापल्यासारखंच.

"नो नो नो," तो हसत म्हणाला. "धिस इज हर हाउस." तिच्या खांद्यावरची पिशवी त्याने काढूनच घेतली, डबा तेवढा टेबलावर ठेवला आणि ओल्या कोटांसोबत पिशवी वर बेडरूममध्ये टाकून आला. काओरीचा हात क्षणभर पिशवीमागे गेला होता. मग तिने तो मागे घेतला. पाहुण्या बाईने यजमानाच्या हातातून वस्तू परत कशी ओढायची? मी ते बघितलं.

काओरी स्वयंपाकघरात आली. तिने तेलाबद्दल विचारलं. मी ओट्यावरची बाटली तिच्या हातात दिली. तिने सील बघितलं, मागचं बारीक अक्षर बोटाने वाचलं आणि पहिल्यांदाच मोकळी हसली. "न्यू," ती म्हणाली. "न्यू," मी म्हणाले. आणि तेव्हा ते खरं होतं.

पहिला घाणा उत्तम निघाला. काओरीने एक तुकडा मिठाला लावून तोंडात टाकला आणि हात तोंडावर ठेवला. माझी आजी अशीच करायची, असं काहीसं ती म्हणाली. श्रीकांतच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आमच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. नानामी आपल्या डब्यातला भात खात होती आणि भार्गवीच्या ताटलीकडे बघत होती.

"एक तरी," श्रीकांत म्हणाला. काओरीने नको म्हणून मान हलवली. तो पुन्हा म्हणाला. ऑइल न्यू, एव्हरीथिंग न्यू. तिसऱ्यांदा त्याने मलाच साक्षीला बोलावलं, "सांग ना गं तिला." आणि मीही आग्रहात उतरले. आग्रह केला नाही तर जेवण घातलं असं आपल्याला वाटतच नाही. नानामीने आईकडे बघितलं. काओरीला चौथ्यांदा नाही म्हणता येईना. ती म्हणाली, बरं, पुढच्यातली एक.

श्रीकांत आत धावला. "मंजू, तेल कमी पडतंय. पाहिजे तेवढं खोल नाही." पहिली बाटली संपली होती. दुसरी अंगणापलीकडे होती. बाहेर पाऊस, माझ्या पायांत घरातल्या सपाता. श्रीकांत फ्रीजरमधून पिठाचं भांडं काढायला वळला होता आणि माझा हात सवयीने मसाल्याच्या डब्यामागे गेला. झाकण काढलं, पातेलं कढईत रिकामं केलं. दारात भार्गवी रिकामी ताटली घेऊन उभी होती. मी म्हणाले, "जा, आलेच."

खरंच सांगते, त्या वेळी मला काहीही वाटलं नाही. पोट दुखतं, डोळा लवतो, असं लोक सांगतात. तसं काही झालं नाही.

दुसऱ्या घाण्याला रंग लवकर चढला. श्रीकांतने नाक पुढे करून वास घेतला. "आज काहीतरी वेगळंच जमलंय," तो म्हणाला आणि ताटली घेऊन बाहेर गेला. तिसरा घाणा सोडूनच गेला होता. "बघ जरा," असं मला जाता जाता सांगून.

मी पातेलं सिंकमध्ये ठेवायला उचललं. तळाशी गाळ होता. गाळणीतून सुटलेला, तपकिरी. त्यात साबुदाण्याचे दोन कडक मोती होते आणि त्यांच्याजवळ दाण्याची एक अर्धी पाकळी, छान खरपूस झालेली.

मायक्रोवेव्हवरच्या घड्याळात एक वाजून बारा मिनिटं झाली होती.

भिंतीपलीकडे कुरकुर आवाज आला. लहान दातांचा. मग हसू. श्रीकांत टाळ्या वाजवत होता.

त्या वेळी मी काय केलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, म्हणून इथे नीट सांगते. मी धावले नाही. मी नळ सोडला आणि पातेलं घासायला घेतलं. घासणीने तळ घासला, कडा घासल्या, गाळ जाळीतून खाली जाईपर्यंत पाणी सोडून ठेवलं. डोक्यात विचार चालू होते, आणि ते वेडेवाकडे नव्हते, अगदी शहाणे होते. तेल गाळलेलं आहे. थोडंसंच होतं. मुलगी हसतेय, काही व्हायचं असतं तर लगेच झालं असतं. आणि आता जाऊन सांगायचं काय? की मी तुम्हाला बाटलीचं सील दाखवलं आणि खायला घातलं ते तीन दिवसांचं उष्टं तेल? ही बाई मला काय समजेल? लाज वाटली मला. एका लेकराचा जीव टांगणीला आणि मला माझ्या पातेल्याची लाज वाटत होती.

पातेलं पालथं घालून मी हात पुसले आणि बाहेर गेले. नानामीच्या ताटलीत अर्धी काकिआगे उरली होती. एक ती खाऊन बसली होती, ही दुसरी श्रीकांतने वाढलेली. "गार झाली, गरम आणते," असं म्हणून मी तिच्यापुढची ताटली उचलली. एवढंच धैर्य झालं माझं. श्रीकांत काओरीला कावासाकीच्या म्हातारीची गोष्ट सांगत होता.

नानामी भार्गवीच्या कानात डचमध्ये काहीतरी म्हणाली. काओरीला डच येत नसे. मला येत होतं. जीभ हुळहुळतेय, असं ती म्हणाली होती.

मी तिला पाणी दिलं. हो, पाणी दिलं. तिने दोन घोट घेतले, ओठ चोळला आणि खोकली. ओठाच्या वर तांबडा डाग उठला होता. भार्गवी माझ्याकडे एकटक बघत होती. तेव्हा कुठे माझ्या तोंडून शब्द फुटले. "पीनट," मी म्हणाले. "देअर इज पीनट. इन द ऑइल. आय पुट इट."

एक वाजून एकोणीस मिनिटं.

काओरी ओरडली नाही. ती उभी राहिली आणि "बॅग" म्हणाली. ॲलर्जीचा झटका आला तर लगेच द्यायचं इंजेक्शनचं पेन त्या पिशवीत होतं. श्रीकांत वर पळाला, त्याच्यामागून ती. आमचा जिना उभा, अरुंद. वरून कोट फेकल्याचे आवाज आले. श्रीकांत "इथेच ठेवली होती, इथेच" असं मराठीत म्हणत होता. मी नानामीला मांडीवर घेतलं होतं. तिचा श्वास शिट्टीसारखा यायला लागला होता आणि तिने माझं बोट घट्ट धरलं होतं. माझंच. मी एकशेबारा नंबर फिरवला आणि पत्ता सांगताना स्वतःचा घरनंबर चुकले. तो भार्गवीने सांगितला.

काओरी खाली आली, पोरीच्या मांडीत पेन रोवलं आणि मोठ्याने आकडे मोजले. अँब्युलन्स आली. श्रीकांत त्यांच्याबरोबर गेला. दार उघडंच राहिलं आणि घरात धूर झाला तेव्हा लक्षात आलं की तिसरा घाणा कढईत तसाच आहे. काळे कोळसे झाले होते. मी गॅस बंद केला.

संध्याकाळपर्यंत फोन वाजला नाही. भार्गवी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली. मी देवापुढे दिवा लावला आणि मागावं काय ते कळेना. ती वाचू दे, एवढं सरळ होतं. पण त्याच्या मागोमाग दुसरंही येत होतं, की कुणाला कळू नये. मी ते दाबलं. ते पुन्हा आलं.

सात वाजता श्रीकांतचा फोन आला. "वाचली," तो म्हणाला आणि रडला. "दोन दिवस ठेवून घेणार आहेत. डॉक्टर म्हणाले, अजून चार-पाच मिनिटं गेली असती तर काही खरं नव्हतं. मंजू, नशीब तुला लगेच आठवलं."

लगेच. मी "हो" म्हणाले.

नंतर तो शब्द घरात राहायलाच आला. श्रीकांतने तो पुण्याला फोनवर सांगितला, ऑफिसात सांगितला. चूक झाली, पण मंजूला लगेच आठवलं म्हणून पोर वाचली. स्वतःला मात्र तो माफ करायला तयार नव्हता. आग्रह मी केला, पिशवी मी वर टाकली, असं म्हणून त्याने थर्मामीटर खणात ठेवून दिला आणि रविवारी आम्ही वरणभात खायला लागलो. त्याचं ते एकुलतं एक वेड, आणि ते माझ्यामुळे गेलं. दोनदा मी सांगायला तोंड उघडलं. दोनदा त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

भार्गवी स्वयंपाकघरात यायची बंद झाली. हाक मारली की दारातच उभी राहायची.

दोन आठवड्यांनी, रविवारी दुपारी बेल वाजली. काओरी आणि नानामी. नानामी थोडी उतरली होती, बाकी तशीच. मला बघून तिने हात हलवला. काओरीच्या हातात आमचा स्टीलचा डबा होता, पूर्वी कधीतरी तिच्याकडे गेलेला. मला वाटलं, आता तोंडावर काय ते बोलेल. मला बरंच वाटलं असतं. पण ती दारातच कमरेत वाकली आणि वाकलेलीच राहिली. सॉरी म्हणाली. तिची चूक झाली, पिशवी तिने सोडायला नको होती. आणि थँक यू. "यू टोल्ड इमीजिएटली," ती म्हणाली. दुसरी कुणी असती तर लाजेने गप्प बसली असती, डॉक्टरांनाही तिने हेच सांगितलं. यू आर ब्रेव्ह. तिचे डोळे भरून आले होते. मी तिचे हात धरले.

त्या गेल्यावर श्रीकांतने डबा टेबलावर उघडला. कागदाच्या घडीवर सहा काकिआगे होत्या. बाजूला मिठाची पुडी. त्याने वाकून वास घेतला. मग एक तुकडा मोडला, मिठाला लावला, डोळे मिटून खाल्ला. "अगदी तीच," तो म्हणाला. "अगं, अगदी त्या म्हातारीच्या हातची. ये ना, भार्गवी. एक तरी घे."

भार्गवी स्वयंपाकघराच्या दारात होती, त्या दिवशी होती तिथेच. ती डब्याकडे बघत नव्हती.

"आई," ती म्हणाली, "काओरी म्हणाली, तू लगेच सांगितलंस."

"हो बाळा."

"पण तू आधी पातेलं घासलंस. मी बघितलं. घासलंस, घासलंस. मग सांगितलंस."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. शाळेत युफने विचारलं की ती अशीच क्रमाने सांगते. श्रीकांतचं चावणं थांबलं. त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुठलं पातेलं?" त्याने विचारलं.

डब्यात अजून पाच काकिआगे होत्या. मी त्या एका ताटलीत काढल्या, डबा उचलला, सिंकमध्ये ठेवला आणि नळ सोडला.